दाखला येईपर्यंत शाळेने काय करावे?



वार्तापत्राच्या या पानावर मी सहसा निकाल, स्नेहसंमेलन किंवा शिस्त यांविषयी लिहिते. या वेळी माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी लिहायचे आहे. कारण ती चूक माझी एकटीची नसावी.

आपल्या शाळेत नववीत एक मुलगा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या सुमारास मेंदूला इजा झाली की स्नायूंवर पूर्ण ताबा राहत नाही, तसे त्याचे झाले आहे. बुद्धी तल्लख, तोंडी उत्तरे चोख, पण उजवा हात थरथरतो आणि लिहिण्याचा वेग निम्मा. सहामाहीत त्याचा गणिताचा पेपर अर्धा कोरा राहिला. त्याआधी त्याची आई माझ्याकडे आली होती. म्हणाली, "बाई, याला थोडा वेळ जास्त द्याल का?" मी म्हटले, "दिव्यांग प्रमाणपत्र आणा, लगेच देते." मला वाटले मी नियमाने वागले.

प्रमाणपत्राचा अर्ज तेव्हा पाच महिने पडून होता, हे मी विचारलेच नाही.

नंतर सगळी हकीकत कळली. वडील कपड्याच्या दुकानात नोकरीला. सरकारी दवाखान्याची एक फेरी म्हणजे एका दिवसाचा पगार गेला. पहिल्या फेरीत नावाचा घोळ निघाला. आपल्या पद्धतीप्रमाणे मुलाच्या आधारवर मधले नाव वडिलांचे, समग्र आयडीत ते नाहीच. आईचे तर एका कागदावर माहेरचे नाव आणि दुसऱ्यावर लग्नातले. मध्य प्रदेशात राहणाऱ्या आपल्या किती घरांत हा घोळ असेल, तुम्हीच आठवून पाहा. दुसऱ्या फेरीत मेडिकल बोर्डाचे संबंधित डॉक्टर रजेवर. तिसऱ्या वेळी जुना तपासणी अहवाल चालेना. चौथ्या वेळी "सर्वर डाउन है, अगले मंगलवार आइए." अखेर अकराव्या महिन्यात प्रमाणपत्र हातात आले.

दिव्यांगजन अधिकार कायदा २०१६ सालचा. त्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, ही मोठी गोष्ट झाली. २०१७ च्या नियमांत प्रमाणपत्र एका महिन्यात द्यावे असे होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम बदलले आणि महिन्याचे तीन महिने झाले. मुदत पाळली जात नव्हती, म्हणून मुदतच वाढवली, असे सामान्य माणसाने समजायचे का? आमच्या शाळेत मुले वेळेवर येत नाहीत म्हणून प्रार्थना अकरा वाजता ठेवली, तर पालक काय म्हणतील?

दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. खोटी प्रमाणपत्रे काढून सवलती लाटणारे आहेत, आणि त्यांच्यामुळे तपासणी कडक होते. बोर्डावरचे डॉक्टर मोजके, रांगेतली माणसे अनेक. तपासणी व्हावीच. पण तिच्या दिरंगाईची किंमत खऱ्या गरजवंताने का मोजायची?

आणि किंमत थोडीथोडकी नाही. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ही पुढच्या सगळ्या कुलपांची किल्ली आहे. शिष्यवृत्ती, सहायक उपकरणे, आयकरातली वजावट, उच्च शिक्षणातल्या ५ टक्के आणि सरकारी नोकरीतल्या ४ टक्के राखीव जागा, सगळे तिच्यावर अवलंबून. केंद्र सरकारची दिव्यांग मुलांसाठीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती फक्त नववी आणि दहावीला असते. अर्जाची तारीख उलटल्यावर प्रमाणपत्र आले, तर दोनातले एक वर्ष गेले. या मुलाचे तसेच गेले. पैसे मागाहून मिळत नाहीत.

हे सारे सरकारच्या हातात आहे. आपल्या हातात काय आहे, हे पाहू लागले तेव्हा माझे डोळे उघडले. त्याच कायद्याच्या कलम १६ मध्ये शासनमान्य शाळांनी दिव्यांग मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी कराव्यात असे म्हटले आहे. तिथे ४० टक्क्यांची अट नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका परीक्षार्थीच्या प्रकरणात हेच सांगितले. लिहिताना हात आखडण्याचा त्याला विकार होता. लेखनिकाची सोय केवळ ४० टक्केवाल्यांपुरती ठेवता येणार नाही, असा तो निर्णय होता. मग आमच्या घरच्या सहामाहीत तासाला वीस मिनिटे जास्त द्यायला मला कोणत्या शिक्क्याची गरज होती? बोर्डाच्या परीक्षेला कागद लागतील. शाळेच्या परीक्षेला मुलाचा हात दिसणे पुरे होते.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे मी चार गोष्टी ठेवत आहे. पहिली, शाळेच्या परीक्षांत जादा वेळ आणि लेखनिक यांसाठी प्रमाणपत्राची वाट पाहू नये, वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापकांनी ठरवावे. दुसरी, अशा मुलांना लागणारे शाळेचे कोणतेही प्रमाणपत्र दोन दिवसांत मिळावे. या मुलाच्या शिष्यवृत्तीचा कागद आमच्याच कार्यालयात आठ दिवस पडून होता, हे मी लपवत नाही. तिसरी, आपल्या समाजात निवृत्त बँकवाले, सरकारी नोकरीतले काका-मावशी पुष्कळ आहेत. गणेशोत्सवात ते राबतात. त्यांच्यापैकी दोघे-तिघे बोर्डाच्या दिवशी त्या कुटुंबासोबत गेले, तर एखादी फेरी नक्की वाचेल. चौथी, सरकारी उपकरण मिळेपर्यंत व्हीलचेअर, श्रवणयंत्र यांसाठी संस्थेने बिनव्याजी उसनी रक्कम द्यावी.

पालकांना एक विनंती. मुलाची अडचण लपवू नका. "लोक काय म्हणतील" म्हणून अर्ज सातवी-आठवीपर्यंत लांबतो आणि मग दहावी उभी राहते. नावांचा मेळ आजच घाला. अर्जाचा क्रमांक, प्रत्येक फेरीची तारीख आणि कोणी काय सांगितले ते वहीत लिहून ठेवा. नुसती वाट पाहू नका, १८१ या सीएम हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. दोन वर्षे निर्णय झाला नाही तर अर्ज निष्क्रिय समजला जातो, हेही लक्षात असू द्या. प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर मुदत संपण्याच्या आधीच पुढची तयारी करा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, कुणाच्या हाताची किंवा चालण्याची नक्कल करू नका, एवढेच नव्हे, तर सुटीत त्याच्या डब्याशेजारी बसा.

त्या मुलाची मी क्षमा मागितली. तो हसून म्हणाला, "बाई, वार्षिकला तरी द्याल ना वेळ?" वार्षिक परीक्षेत त्याला तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त मिळेल.

ज्या पालकांचे अर्ज अडकले आहेत, त्यांनी कोणत्याही शनिवारी शाळा सुटल्यावर सगळे कागद घेऊन माझ्याकडे यावे. आपण एकत्र बसून पाहू.

— मुख्याध्यापिका