गळाला जिवंत मासळी की नकली?

शिक्षक मित्रहो, दहावीला 'पाण्याचे असंगत आचरण' शिकवताना आपण फळ्यावर गोठलेलं तळं काढतो. वर बर्फ, तळाशी ४ अंश सेल्सिअसचं पाणी, त्यात मासे. आणि तिथेच थांबतो. पुढचा प्रश्न विचारायलाच हवा, असं मला वाटतं.

अमेरिकेतल्या मिनेसोटात लोक बर्फाला भोक पाडून वॉलआय मासा धरतात. गळाला काय लावावं? जिवंत छोटी मासळी, की धातूचं चकाकतं नकली आमिष?

मासा शीतरक्ती. थंडीत त्याची भूक मंदावते, पाठलाग करायला तो फारसा धजत नाही. म्हणून भर हिवाळ्यात माझं मत जिवंत आमिषाला. नकली आमिषाच्या चमकेने मासा लांबून येतो खरा, पण पुष्कळदा नुसता बघत राहतो! हिवाळ्यात तिथे दोन गळ टाकायची परवानगी आहे. जाणकार एकाने बोलावतात, दुसऱ्याने पकडतात.

मात्र उरलेली मासळी तळ्यात सोडायला कायद्याने बंदी आहे, कारण त्यातून परक्या जाती आणि रोग पसरतात. "सर, सोडली तर बिचारी जगेल की!" असं एखादं मूल म्हणेलच. तास संपला तरी त्याला गप्प करू नका. आणि पालकहो, आज जेवताना हाच प्रश्न घरी टाकून बघा.