सात मित्र, सात इंजिनं

स्नोमोबाइल या वाहनाशी माझं वैयक्तिक वैर नाही. कॅनडातल्या क्विबेक प्रांतात जोसेफ-आर्मां बोंबार्डिए नावाचा एक मेकॅनिक होता. बर्फावर चालणारी गाडी बनवायचा नाद त्याला पोरवयापासूनच. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा लहान मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बुजलेले, हॉस्पिटलपर्यंत नेता येईना. मुलगा गेला. पुढे या माणसाने बर्फावर धावणाऱ्या मोठ्या गाड्या केल्या. त्यांतून डॉक्टर रोग्यापर्यंत पोचले, मुलं शाळेत पोचली. मग १९५९ साली एकदोघांना पुरेल अशी छोटी ‘स्की-डू’ काढली. अशा माणसाच्या यंत्राला नावं ठेवीन तर माझी जीभ झडेल.

माझं भांडण आहे ते या यंत्रांवरून ‘मित्रांची सहल’ काढणाऱ्यांशी. म्हणजे नेमकं सांगायचं तर आमच्या मेस सेक्रेटरीशी.

१९७९ साली सांगलीचं होस्टेल सोडलेले आम्ही सात जण. चार अमेरिकेत, तीन इकडे. मेस सेक्रेटरी त्या काळी कुणालाही न विचारता सलग चार दिवस दुधीभोपळा ठरवायचा. मिशिगनमध्ये चाळीस वर्षं काढली तरी सवय तीच. सहा वर्षांनी सगळे भेटणार, तर फेब्रुवारीत यलोस्टोन, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं. हिवाळ्यात तिथले बहुतेक रस्ते साध्या मोटारींना बंद असतात. वेस्ट यलोस्टोन गावातून ओल्ड फेथफुलपर्यंत तीस मैल जायचं तर दोन मार्ग : गाइडच्या मागून स्नोमोबाइल, नाहीतर स्नोकोच, म्हणजे बर्फावरून चालणारी ऊबदार बस.

“बसने जाऊ या की रे,” मी म्हणालो.

“हट्! म्हाताऱ्यांची गाडी ती!” सेक्रेटरी म्हणाला. वय वर्षं अडुसष्ट.

सकाळी आम्हाला एकावर एक इतके कपडे चढवले, की हात अंगाला टेकेनात. वर हेल्मेट. उजव्या अंगठ्याने एक खटका दाबून धरला की गाडी पळते, सोडला की थांबते. म्हणजे दिवसभर तो अंगठा मोकळा नाही. खिशातली बाकरवडी तोंडापर्यंत न्यायची तर काच वर करावी लागते, आणि काच वर केली की आधी वारा आत शिरतो, बाकरवडी मागाहून.

आणि मुख्य गोष्ट. एकामागे एक, मध्ये अंतर राखून, सात गाड्या. मला दिवसभर न्यू जर्सीवाल्याची पाठ दिसली. पाठ चांगली आहे, तक्रार नाही. पण तिच्याशी बोलणार काय? डावा हात वर केला की ‘थांबा’, एवढाच काय तो संवाद. सहा वर्षांच्या गप्पा साठवून माणसं दोन-दोन विमानं बदलून आलेली, आणि त्यांनी आठ तास एकमेकांना हात दाखवायचे!

या वाहनाचे वकील म्हणतील, थरार असतो. कसला थरार? वेगाची मर्यादा ताशी पस्तीस मैल. आमची कोल्हापूरची एस.टी. याहून जोरात जायची, वर तिच्यात भेंड्याही चालायच्या. म्हणतील, स्वातंत्र्य असतं. गाइडच्या पुढे जायचं नाही, ओळ मोडायची नाही, रस्ता सोडायचा नाही. आमच्या चौथीच्या सहलीत गुरुजी याहून सैल होते. म्हणतील, हल्लीच्या गाड्या पूर्वीसारख्या धूर ओकत नाहीत. हे मात्र कबूल. २००२ साली तिथल्या पश्चिम फाटकावरच्या रेंजरांना धुरापायी मास्क दिले होते. आता नियम कडक झालेत आणि इंजिनं पुष्कळ सुधारलीत. पण मितभाषी माणसंसुद्धा सात एकत्र जमली की कलकलाट होतोच. मग ही तर इंजिनं.

ओल्ड फेथफुल पाहिलं. साधारण दर दीड तासाने जमिनीतून उकळतं पाणी उंच उडतं. वज्रेश्वरीची कुंडं पाहिलेल्या माणसालाही तोंडात बोट घालावंसं वाटतं. बोट तीन हातमोज्यांत होतं, एवढंच.

परत येताना फायरहोल नदीकाठी गाइडचा हात वर झाला. रस्त्यावर बायसन! आपल्या दाजीपूरच्या गव्याचा झिपरा चुलतभाऊ म्हणा. पंधरावीस होते, दाढीमिशांत बर्फ. रस्त्यावरचा पहिला हक्क त्यांचा. आम्ही इंजिनं बंद केली.

आणि एकदम शांतता. नदीचं पाणी ऐकू आलं, बायसनांचे श्वास ऐकू आले. माझ्या मागची गाडी प्रोफेसरची होती. त्याची बायको आठ महिन्यांपूर्वी गेली. आदल्या रात्री सेक्रेटरीच्या आरडाओरड्यात तो एक अक्षर बोलला नव्हता. आता हळूच उतरून माझ्याजवळ आला, हेल्मेट काढलं आणि म्हणाला, “शेवटच्या आठवड्यात तिने मला एक विचारलं रे. मी उत्तरच दिलं नाही. ती म्हणाली—”

बायसन बाजूला झाले. गाइडचा हात खाली आला. पुढे सेक्रेटरीने इंजिन चालू केलं, त्याच्यामागे एकेकाने. प्रोफेसरने हेल्मेट घातलं.

उरलेले वीसेक मैल मी न्यू जर्सीची पाठ बघत, बोंबार्डिए सोडून सगळ्यांना शिव्या घालत आलो. रात्री प्रोफेसरला विचारलं, तर म्हणाला, “काही नाही रे, झोप.”

दुसऱ्या दिवशी मंडळी पुन्हा त्या यंत्रांवर बसून कॅनियनकडे निघाली. मी प्रोफेसरला दंडाला धरून बसमध्ये बसवला. खिडकीची सीट त्याला दिली, बाकरवडीचा पुडा मधे ठेवला. मॅडिसन यायच्या आत त्याने वाक्य पुरं केलं. ते काय होतं ते इथे छापायचं नाही. नंतर बराच वेळ आम्ही दोघं काचेवरची वाफ पुसत बसलो.

संध्याकाळी सेक्रेटरी अंगठा चोळत आला. “काय म्हातारबुवा, बसमध्ये झोप लागली का?”

“लागली,” प्रोफेसर म्हणाला.