टारफुला, ट्यूमर आणि आपले फॉरवर्ड

परवा फॅमिली ग्रुपवर काकांनी फॉरवर्ड टाकला. 'झाडातल्या हार्मोनने ब्रेन कॅन्सर बरा होतो, केमो घेऊ नका.' खाली सगळ्यांचे जोडलेले हात. माझं डोकंच सटकलं. एका मित्राच्या वडिलांना ग्लायोब्लास्टोमा होता. असल्याच एका मेसेजपायी त्यांनी गोळ्या सोडून महिनाभर गव्हांकुराचा रस घेतला. तो महिना आता कोण परत देणार?

गंमत म्हणजे मेसेज अगदीच हवेतला नाही. ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला ऐकलाय? (नसेल तर गावी फोन लावा!) पिकाच्या मुळांतून पाझरणाऱ्या ज्या रसायनाने त्याचं बी जागं होतं, ते स्ट्रायगोलॅक्टोन. झाडाला फांद्या किती फुटाव्यात हे ठरवणारं ते हार्मोन आहे, हे २००८ साली कळलं. २०१२ मध्ये तसेच कृत्रिम रेणू स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर वापरून पाहिले गेले, पुढे ग्लायोब्लास्टोमाच्या पेशींवरही. पेशी मेल्या. झकास!

पण मेल्या कुठे? प्रयोगशाळेतल्या बशीत. आपल्या भाषेत, 'माझ्या मशीनवर चालतंय.' एवढ्यावर कुणी कोड थेट प्रॉडक्शनला टाकतं का? अहो, बशीत फिनाईल ओतलं तरी पेशी मरतात! रक्तातून मेंदूत शिरताना जी भिंत लागते, ती औषध ओलांडेल का? निरोगी पेशी वाचतील का? माणसांवर चाचण्या झाल्याशिवाय हे कळत नाही.

आता ज्या गोळ्यांना नावं ठेवता त्यांचं बघा. २००५ साली ५७३ रुग्णांच्या चाचणीचे निकाल आले. रेडिएशनला टेमोझोलोमाइडची जोड दिल्यावर निम्मे रुग्ण निदान १४.६ महिने जगले, नुसत्या रेडिएशनवर १२.१. अडीचच महिने? हो. पण दोन वर्षं काढणारे १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले. ज्याच्या घरात पेशंट आहे त्याला विचारा याची किंमत.

आणि 'झाडपाला म्हणजे थोतांड' म्हणणाऱ्यांनीही गप्प बसावं. अंगणातल्या सदाफुलीतून विन्क्रिस्टीन निघालं, १९६३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि आजही ल्युकेमियाच्या पोरांना देतात. पण मोजून, शिरेतून. काढा करून नव्हे!

म्हणून फॉरवर्ड करण्याआधी एकच प्रश्न विचारा. 'किती माणसांवर?' मी काकांना विचारला. उत्तरादाखल पुन्हा जोडलेले हात आले.

असो.