चलन एक, मग आकार दोन का?

१ जानेवारी २००२ रोजी युरोपातील बारा देशांत युरोच्या नोटा व नाणी चालू झाली. पॅरिसची नोट माद्रिदच्या दुकानात बिनतक्रार खपू लागली. मात्र तोच पैसा बँकेमार्फत पाठवायचा म्हटला, की सरहद्द आडवी येई. जादा आकार पडे आणि दिवसही मोडत. वस्तू पन्नास युरोंची आणि पैसे पाठवण्याचा खर्च दहा युरोंचा, असा सौदा कोणते गिऱ्हाईक करील?

ही आडकाठी बँकांनी आपणहून दूर केली नाही, हे आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी ध्यानात घ्यावे. युरोपीय संघाने २००१ साली कायदा केला, की देशातल्या व्यवहाराला जो आकार, तोच शेजारच्या देशातील युरो व्यवहाराला. कार्डांना तो जुलै २००२ पासून आणि ठराविक मर्यादेपर्यंतच्या बँक भरण्याला जुलै २००३ पासून लागू झाला. पुढे जानेवारी २००८ मध्ये ‘सेपा’ ही सर्वांसाठी एकच पद्धत सुरू झाली.

आज लिस्बनचे गिऱ्हाईक म्युनिकच्या दुकानदाराला आपल्या नेहमीच्याच खात्यातून पैसे पाठवते. खाते अमुकच देशातले हवे, अशी अट घालण्यास कायद्याने मनाई आहे. बिलापोटी खात्यातून परस्पर वळती झालेली रक्कम आठ आठवड्यांच्या आत, कारण न देता, परत मागता येते.

९ ऑक्टोबर २०२५ पासून तर युरो देशांतील बँकांना दहा सेकंदांत रक्कम पोचवण्याची सोय द्यावी लागते, तीही जादा आकार न घेता. अर्थात झटकन गेलेला पैसा झटकन परत येत नाही. म्हणूनच नाव व खाते जुळते की नाही, हे आधी सांगण्याचे बंधन बँकांवर घातले आहे.

भारत सेपात नाही. त्यामुळे युरोपातील गिऱ्हाइकाने आपल्या कारागिराला पैसे पाठवले, तर या सवलती लागू होत नाहीत. आमचे मत स्पष्ट आहे: पैशाच्या वाटेवरचा खर्च अखेर गिऱ्हाईक व लहान विक्रेता यांच्याच खिशातून जातो. तो कमी करायला नुसते यंत्र पुरत नाही, कायद्याचा वचकही लागतो. युरोपचा धडा हाच आहे.