कावळ्यांचे खत

मढच्या माणसाने खतावर लिहावे याचे कोणाला नवल वाटेल. वर्सोव्याहून तरीने खाडी ओलांडली की आमचे गाव. वलांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्यांचे. भाताची खाचरे आमच्याकडे मुळातच थोडी. जमिनीचा भाव आता बंगल्यांना आणि त्यांत सिनेमा काढणाऱ्यांना ठाऊक. पण खत आम्हांला परके नाही. न खपलेली, नासलेली बारीक मासळी कोकणपट्टीत माडाच्या आळ्यात जात असे. ती पुरावी लागे. कोणी आळशाने वरच टाकली, तर कावळ्यांची आणि कुत्र्यांची दिवाळी होई आणि माडाला वास तेवढा मिळे. हे शिकविण्यासाठी कोणी मेळावा भरविल्याचे ऐकिवात नाही.

मेळाव्याची आठवण झाली ती अशी. गेल्या साली पालघरकडे भातशेती करणाऱ्या एका नातलगाबरोबर मी ‘खताचा वापर कमी करा’ या प्रशिक्षणाला जाऊन बसलो. वक्ते विद्वान होते, पंखा चालू होता. शेतकरी अज्ञानाने युरिया ओततो, त्याने जमीन बिघडते, पाणी बिघडते, असे दीड तास ऐकले. त्यात खोटे काही नव्हते. पण समोर बसलेल्या माणसांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केल्यासारखे ते बोलणे होते, आणि माझे भांडण तेवढ्यासाठीच आहे.

शेतकरी युरिया जास्त का टाकतो? कारण तो स्वस्त आहे. आणि तो स्वस्त शेतकऱ्याने केलेला नाही. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आणि डीएपीची ५० किलोची १,३५० रुपयांना, असे भाव सरकारनेच लावून दिलेले. २०१० साली स्फुरद-पालाशाच्या खतांचे अनुदान बांधून टाकले आणि त्यांचे भाव मोकळे सोडले. युरिया तेवढा वगळला. मग तराजू नत्राकडे झुकला तर दोष कोणाचा? पुढे २०१८ साली सरकारला सुचले काय, तर ५० किलोची गोणी ४५ किलोची करणे! शेतकरी किलो मोजत नाही, गोण्या मोजतो, हा त्यातला हिशेब. वाण्याने असे माप केले तर आपण त्याला काय म्हणतो?

मातीचीही तीच तऱ्हा. २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिका निघाली. कल्पना उत्तम. पण कोरडवाहू भागात दहा हेक्टरांत एक नमुना, असे माप ठरले. आमच्या कोकणात दहा हेक्टरांत काय काय येते हे ज्याने पाहिले आहे तो हसेल. वर वरकस, मध्ये दळी, खाली खाजण. वीस जणांची खाचरे, आणि पत्रिकेवरचा आकडा सर्वांचा एकच.

खरे शिकविण्यासारखे होते ते त्या दीड तासात आलेच नाही. पाण्याने भरलेल्या खाचरात युरिया फेकला की त्याचा निम्म्याहून कमी भाग पिकाच्या कामी येतो. बाकीचा हवेत उडतो, पावसाबरोबर वाहतो. हे न दिसणारे कावळेच. यावर उपाय कोकणातच निघाला आहे. डॉ. एन. के. सावंत यांच्या नावाशी जोडलेली चारसूत्री भातशेती. तुसाची काळी राख रोपवाटिकेत घालायची, गिरीपुष्पाचा पाला चिखलात गाडायचा आणि रोपे दोन्ही अंगांना १५ व २५ सेंटिमीटर अशा आळीपाळीच्या अंतराने लावायची. मग चार चुडांच्या लहान चौकोनात, लावणीच्याच दिवशी, युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एकेक गोळी चिखलात बोटभर खोल दाबायची. खत पुरायचे, माडाच्या मासळीसारखे! ते मुळांशी राहते आणि कमी लागते.

मग ती घरोघर का गेली नाही? हेक्टरी सुमारे ६२,५०० गोळ्या लागतात. तितक्या वेळा कोणीतरी वाकावयाचे असते; तेही लावणीच्या त्या आठवड्यात, जेव्हा मजूर दुप्पट पैसे देऊन मिळत नाही. आणि वाकते कोण, तर बाई. गोणी फोडून मुठीने फेकायला एक माणूस आणि एक सकाळ पुरते. म्हणजे शेतकऱ्याचे गणित चुकलेले नाही. युरिया फुकटासारखा आणि मजूर महाग, तेव्हा तो युरिया उधळतो आणि मजूर वाचवतो. व्याख्यानाने हे गणित कसे बदलणार?

२०२३ सालच्या पीएम-प्रणाम योजनेत वाचलेल्या अनुदानाचा निम्मा भाग राज्याला देण्याचे ठरले. त्यातला काही हिस्सा शेतकऱ्यांच्या आणि पंचायतींच्या बक्षिसांसाठी. बक्षीस कशाला? गोळी दाबणाऱ्या हातांना त्या दिवसाची मजुरी द्या, आणि गोळ्या लावणीआधी गावात पोचवा. शिकवणे उरले तर ते खाचरात, पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभे राहून करा. एका दिवसात येईल.

प्रशिक्षणाच्या शेवटी ‘काही शंका?’ असे विचारण्यात आले. माझा नातलग उठला. गोळ्यांबद्दल तो ऐकून होता.

“साहेब, त्या गोळ्या आमच्याकडे कुठे मिळतात?”

साहेबांनी शेजारच्या साहेबांकडे पाहिले. त्यांनी घड्याळाकडे पाहिले. तेवढ्यात चहा आला.