पदव्युत्तर विभागाचा इतिहास कोठे शोधावा?

नागपूर विद्यापीठाची शंभरी २०२३ साली भरली. ४ ऑगस्ट १९२३ पूर्वी येथील महाविद्यालये आधी कलकत्त्याला, मग अलाहाबादला जोडलेली होती. आमच्या मुलखाची परीक्षा परमुलखात ठरे. त्यानंतरच्या पदव्युत्तर विभागांचा इतिहास मात्र इमारतींत आणि कुलगुरूंच्या नामावळीत शोधणे आम्हांस अपुरे वाटते. वि. भि. कोलते कुलगुरू होते, एवढे सांगून भागत नाही. महानुभाव पोथ्या ताडून त्यांनी सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली आले, तो खरा इतिहास. १९८३ साली अमरावती विद्यापीठ वेगळे झाले. रिद्धपूर तिकडे गेले, हिंगणघाट नागपूरकडेच राहिले. (आता रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठही आहे.) पण हद्दी संलग्नतेसाठी असतात, पोथ्यांसाठी नव्हेत. हिंगणघाटसारख्या कापसाच्या गावी एखाद्या विद्यार्थिनीने वेचणीचे, सरकीचे, बंडीचे शब्द प्रबंधिकेसाठी गोळा केले, तर तेही या इतिहासातच मोडतात. आज ती प्रबंधिका परीक्षेनंतर कपाटात जाते, आणि पुढचा विद्यार्थी तोच विषय नव्याने निवडतो. विद्यापीठाने मराठीच्या सर्व प्रबंधांची सूची करून ती तालुक्याच्या महाविद्यालयांना धाडावी. गौरवग्रंथ मागाहून निघाले तरी चालतील.