पेटी क्रमांक

रविवारच्या वृत्तपत्रांतल्या वधू-वर जाहिरातींच्या शेवटी पूर्वी एक ओळ असायची : ‘लिहा, पेटी क्रमांक अमुक’. उत्तर देणारा लिफाफ्यावर तो आकडा घालून पत्र वृत्तपत्राच्या कचेरीत धाडी आणि जाहिरात खात्यातला कारकून ते योग्य माणसाकडे पोचते करी. घटस्फोटितेला, बिजवराला, पस्तिशी ओलांडलेल्या लेकीच्या वडिलांना ही सोय मोलाची वाटे. कचेरीला ठिकाणा माहीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांना पत्ता नाही. चार पत्रे झाली, मन धजावले, की मग नाव-गाव उघड करायचे. तेही आपण होऊन.

डेटिंग अ‍ॅप आणि प्रौढांसाठीच्या चॅट साइट याच गरजेवर चालतात. लग्न हा हेतू तिथे असेलच असे नाही, एवढाच फरक. मात्र अशा ओळखीतून काही विपरीत घडले, की एक मागणी हमखास पुढे येते : तिथे येणाऱ्या प्रत्येकाचे आधार कार्ड जोडून घ्या, खरे नाव सक्तीचे करा.

या मागणीमागे अनुभव आहे. रात्री अकराला अनोळखी मुलीच्या फोटोची फ्रेंड रिक्वेस्ट येते. दहा मिनिटे गोड गप्पा, मग ‘व्हॉट्सअ‍ॅप नंबर दे ना’, मग व्हिडिओ कॉल. पलीकडे दिसते ती बहुतेक वेळा आधीच चित्रित केलेली क्लिप असते. इकडचा चेहरा आणि देह मात्र खरा, आणि तो रेकॉर्ड होत असतो. फोन ठेवताच फेसबुकवरच्या मित्रयादीचा स्क्रीनशॉट येतो : काका, बॉस, मेव्हणी. पैसे दिले, की दुसऱ्या दिवशी ‘क्राइम ब्रँचचे साहेब’ फोन करतात, तिसऱ्या दिवशी व्हिडिओ यूट्यूबवरून काढून देणारा कुणी उगवतो आणि त्याचीही फी असते. २०२२ मध्ये पुण्यात अशा छळातून तरुणांचे जीव गेले, तेव्हा पोलिसांचा माग राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यापर्यंत पोचला. डेटिंग अ‍ॅपवरच्या ओळखीतून बारमध्ये नेऊन हजारोंचे बिल गळ्यात मारण्याचे प्रकार २०२४ मध्ये मुंबईत आणि दिल्लीत गाजले. खोट्या चेहऱ्यांचा त्रास बायकांना तर रोजचा आहे. समोरचा खरा कोण हे कळावे, असे वाटण्यात गैर काय?

गैर काहीच नाही. पण ज्या टोळ्यांसाठी ही सक्ती हवी, त्यांच्याकडे बघा. सिम कार्ड ओळखपत्राशिवाय मिळत नाही, बँकेत केवायसीशिवाय खाते उघडत नाही. तरी त्यांच्याकडे सिमांचे गठ्ठे असतात आणि पैसे घ्यायला भाड्याची खाती. कुणा गरजवंताच्या नावाची, कागदोपत्री अगदी चोख. दोन दारांवरचे पहारे ज्यांनी सहज ओलांडले त्यांना तिसरे दार काय अडवणार? अडकेल तो साधा माणूस. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

खऱ्या नावाने सगळा धोका टळतो असेही नाही. २०२२ च्या अखेरीस दिल्लीतल्या ज्या खुनाने देश हादरला, त्यातल्या दोघांची गाठ डेटिंग अ‍ॅपवर पडली होती, म्हणून अ‍ॅपवर खापर फुटले. पण ती दोघे अनोळखी नव्हती. काही वर्षे एका छपराखाली राहत होती. आधार क्रमांकाने तिथे काही वाचले नसते.

तराजूचे दुसरे पारडे तपासायचे तर प्रश्न बदलावा लागतो. ओळखपत्र घ्यायचे की नाही, हा पुढचा. ते पडून राहणार कुणाकडे, हा आधीचा. विवाहबाह्य संबंधांची जाहिरातच करणाऱ्या अ‍ॅशली मॅडिसन या कॅनडातल्या साइटवरून जुलै २०१५ मध्ये हॅकरांनी साडेतीन कोटींहून जास्त खात्यांची माहिती चोरली आणि पुढच्या महिन्यात ती चव्हाट्यावर मांडली. माझी माहिती पुसून टाका म्हणून १९ डॉलर मोजलेल्यांचीही माहिती त्यात निघाली. कंपनीने पैसे घेतले, पुसले मात्र पुरते नव्हते. ईमेल पत्ता खरा आहे का हे ती साइट तपासत नसे, त्यामुळे दुसऱ्यांनीच चिकटवलेले पत्तेही यादीत होते आणि ‘मी नव्हेच’ म्हणायला थोडी वाट उरली. क्रेडिट कार्डाने पैसे भरलेल्यांना ती उरली नाही. ओळख जितकी पक्की, तितका फुटलेल्या यादीचा घाव खोल. पुढच्याच वर्षी अ‍ॅडल्ट फ्रेंडफाइंडर आणि तिच्या भावंड साइटवरून ४१ कोटी खाती फुटली. त्यांतली सुमारे दीड कोटी मालकांनी आधीच ‘डिलीट’ केलेली होती.

याला दहा वर्षे झाली, कंपन्या शहाण्या झाल्या असतील, असे कुणी म्हणेल. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ‘टी’ या अ‍ॅपचे काय झाले ते पाहा. डेटिंगमध्ये भेटलेल्या पुरुषांबद्दल बायकांनी एकमेकींना सावध करावे, म्हणून ते निघाले. पुरुष घुसू नयेत म्हणून नोंदणीला सेल्फी मागत, एके काळी ओळखपत्रही. पडताळणी होताच फोटो काढून टाकू, असा शब्द होता. सुमारे ७२ हजार चित्रे फुटली. त्यांत १३ हजार त्या सेल्फींची आणि ओळखपत्रांची. सुरक्षिततेसाठी दिलेला कागदच असुरक्षित ठरला, आणि तोही बायकांचाच.

आपल्याकडे वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. दंड २५० कोटींपर्यंत होऊ शकतो, पण तो जाणार सरकारी तिजोरीत. ज्याची अब्रू गेली त्याला भरपाई देण्याची सोय या कायद्यात नाही. उलट जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातले भरपाईचे ४३ए हे कलम वगळण्याची तरतूद आहे. अशा देशात डेटिंग अ‍ॅपकडे आधारची प्रत ठेवायला सांगणे हा विश्वास जरा जास्तच होतो.

तालुक्याच्या गावातला समलिंगी मुलगा, नवऱ्यापासून वेगळी राहणारी शिक्षिका, साठीतला विधुर : यांच्यासाठी निनावीपण म्हणजे अंगावरचे पांघरूण. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क मानले आणि २०१८ मध्ये प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरून गुन्ह्याचा शिक्का काढला. शिक्का निघाला तो कायद्याच्या पुस्तकातून. एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीपर्यंत तो निकाल अजून पोचायचा आहे.

निनावीपणाच्या कैवाऱ्यांनाही एक ऐकवायला हवे : आपण समजतो तितके आपण निनावी नसतो. टोपणनाव घेतले, चेहरा झाकला, आणि तिसऱ्या दिवशी मोबाइल नंबर दिला. तो नंबर समोरच्याने यूपीआय अ‍ॅपमध्ये टाकला, की रुपयाही न पाठवता बँकेतले नाव आडनावासकट दिसते. ट्रूकॉलर आहेच. लिंक्डइनवरचाच फोटो इथे लावला, तर फोटोवरून शोध घेऊन नोकरीचे ठिकाणही हाती लागू शकते. चेहरा कापलेल्या फोटोत मागे सोसायटीची पाटी असते, गळ्यात कंपनीची फीत असते, आरशात बाइकचा नंबर. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर तो कुठे काढला याची नोंदही सोबत जाऊ शकते. म्हणून निराळा ईमेल, निराळा फोटो, फेसबुकची मित्रयादी बंद, कॉन्टॅक्ट वाचण्याची परवानगी नाकारलेली, आणि निदान प्रत्यक्ष भेटीपर्यंत बोलणे अ‍ॅपच्या आतच. पहिली भेट चारचौघांत. जागा आपण सुचवलेली, कुणा एका मैत्रिणीला सांगून ठेवलेली. ‘लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर ये’ अशी घाई ही धोक्याची खूण समजावी. प्रेमाला एवढी घाई क्वचितच असते.

मग पडताळणी नकोच का? आमचे मत तसे नाही. वय तपासलेच पाहिजे. अल्पवयीन मुलांना अशा जागी येऊ देणे हा कुणाच्या खासगीपणाचा प्रश्न नाही. पण वय तपासायला जन्मतारीख, पत्ता, वडिलांचे नाव लागत नाही. ‘अठरा पूर्ण : होय’ एवढे उत्तर पुरते. फोटोतला माणूस जिवंत आणि तोच आहे एवढे क्षणभर पाहून चेहऱ्याची नोंद पुसता येते. असे पडताळलेल्यांनाच भेटेन, असे कुणी ठरवले तर तिला तशी चाळणी लावता यावी; चेहरा न पडताळलेल्याने दाराबाहेर राहावे अशी सक्ती मात्र नको. यातून काही खोटे चेहरे सुटतील, हे उघड आहे. ती किंमत आम्हाला कमी वाटते. जिला रोज त्या चेहऱ्यांना तोंड द्यावे लागते तिला ती कमी वाटणार नाही, हेही कबूल करावे लागते.

ब्लॅकमेल करणाऱ्याचे खरे भांडवल लाज हे आहे, आणि ते त्याला आपण सगळे मिळून पुरवतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे मानून माणूस पैसे देत राहतो. ठाण्यावर गेला तर पहिला प्रश्न येतो, ‘पण तुम्ही कशाला गेलात तिथे?’ कायद्याची भाषाही धीर देत नाही. अश्लील मजकूर ‘पाठवणे’ हाही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली गुन्हा, त्यामुळे स्वतःचाच फोटो पाठवलेल्याला वाटते, तक्रार केली तर आपल्यालाच आत टाकतील. चोरून पाहण्या-चित्रित करण्याविरुद्धचे भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ केवळ स्त्रीला संरक्षण देते. पुरुषाला त्याच संहितेचे खंडणीचे कलम ३०८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे खासगीपणाच्या भंगाचे ६६ई यांचा आधार घ्यावा लागतो. तो आहे, आणि पुरेसा आहे. पैसे देऊ नयेत, चॅट पुसू नये, स्क्रीनशॉट ठेवावेत, पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करावा. स्टॉपएनसीआयआय ही सेवा चित्र आपल्याच फोनमध्ये ठेवून त्याचा फक्त सांकेतिक ठसा सहभागी कंपन्यांना देते, म्हणजे ते चित्र त्यांच्याकडे वर चढताना अडवता येते. चित्र न देता चित्र रोखणारी ही रीत पेटी क्रमांकाच्या कारकुनाला ओळखीची वाटली असती.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविषयीच्या काही गुन्ह्यांची तक्रार नाव न देता करता येते. सरकारनेच निनावीपणाची गरज तिथे मान्य केली आहे. मात्र तशा तक्रारीचे पुढे काय झाले, हे तक्रारदाराला पाहता येत नाही. पाहायचे तर नाव आणि मोबाइल नंबर देऊन आत शिरा. रात्री दोन वाजता हातात फोन घेऊन बसलेल्या माणसाला, मग तो बाई असो की बाप्या, नाव न सांगता एक क्रमांक मिळावा आणि त्या क्रमांकावर उत्तर यावे. पन्नास वर्षांपूर्वी वृत्तपत्राच्या कचेरीला हे लाकडी खणांच्या कपाटात जमत होते.